डिमरने पुसलेली हजेरी

आमच्या नाटक कंपनीत बावीस वर्षं दिवे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे डिमर म्हणायचे. उजेड कमी-जास्त करायच्या पेटीचं ते नाव. त्याचे हात सदा त्या पेटीवर, म्हणून त्याला चिकटलं. पुढे त्याच्या बायकोनेही तीच हाक उचलली. रंगमंचावर पहाट आणायची तर तो ती अशी आणायचा, की अंधार केव्हा गेला हे प्रेक्षकांना कळायचंही नाही. टाळ्या मी घ्यायची. पडदा पडला की हा विंगेत वायर गुंडाळत बसलेला.

कंपनी बंद पडली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मी घरी बसले, तो मात्र मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली त्याने दुकान थाटलं. एक टेबल, दोन मॉनिटर, धूळ झाडायला रंगाऱ्याचा ब्रश. बाकीच्यांनी ‘भंगारात घाला’ म्हणून परत पाठवलेली जुनी यंत्रं त्याच्याकडे यायची. तो ती पुसून कोरी करायचा, नव्याने ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा आणि पाच-सहा वर्षं ती पुन्हा चालायची.

त्याच्या कामाच्या काही रीती होत्या. पुसण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं, “काय ठेवायचं?” कोणाची फाईल उघडून पाहायची नाही. “दुसऱ्याच्या घरी गेलो तर कपाटं उघडतो का आपण, ताई?” आणि पाच मिनिटांत होणारं घाईचं फॉरमॅट कधीच करायचं नाही. “ते म्हणजे सतरंजीखाली केर लोटणं.” तो अख्खी डिस्क शून्यांनी भरायचा, जुनं एक अक्षरही परत वाचता येऊ नये म्हणून, मग दिवस गेला तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी त्याला खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. फाटकावरचा कॉम्प्युटर फार हळू चालतोय, आजच्या आज नवी सिस्टीम टाका. कामगार आत येताना यंत्रावर अंगठा लावत, त्याची नोंद याच कॉम्प्युटरवर उतरायची. डिमर सकाळी दहाला वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसला. रीतीप्रमाणे तीनदा विचारलं. मॅनेजर म्हणाला, “काही ठेवायचं नाही हो, सगळं मोठ्या ऑफिसात आहे. तुम्ही साफ करा.” याने साफ केलं. संध्याकाळी सहाला परतला तो दुकान न उघडताच घरी गेला. मला वाटलं, उन्हाने दमला असेल.

नवव्या दिवशी सकाळी मी दुकानात चहा घेत होते, तेव्हा एक बाई आली. तिशीची असेल. चप्पल बाहेर काढून उभी राहिली.

“कारखान्याचा कॉम्प्युटर तुम्हीच केलात ना, दादा?”

“हो. काही बिघडलं का?”

“त्यातली हजेरी हवी होती. आमच्या ह्यांची.”

तिचा नवरा मोठ्या दाबयंत्रावर कामाला होता. त्याच यंत्राखाली तो गेला. कारखान्याचं म्हणणं असं, की त्या दिवशी त्याची रजा होती, कोणाला तरी भेटायला आला आणि परवानगीवाचून आत घुसला. भरपाईचा प्रश्नच येत नाही. सोबतच्या कामगारांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. तो कामावर होता हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती, सकाळचा अंगठा. वॉचमनने हळूच तिला डिमरचा पत्ता दिला होता.

“कधी झालं हे?” डिमरने विचारलं. तिने वार सांगितला. याला फोन आला त्याच्या दोनच दिवस आधीचा.

डिमर खाली बसला. “घाईचं केलं असतं ना, तर खालचं वाचता आलं असतं, बाई. मी सहा तास शून्यं भरत बसलो.”

ती गेल्यावर मला म्हणाला, “ताई, त्या यंत्राला काहीच झालं नव्हतं. चालू केल्याबरोबर मला कळलं होतं. चांगलं धडधाकट होतं. विचारायला हवं होतं मी, पुसायचं कशाला म्हणून. कायमचं गिऱ्हाईक, कशाला वाकड्यात शिरा, असं वाटलं.”

कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. तो साक्ष द्यायला तयार झाला. मी विचारलं, “सांगणार काय?”

“धडधाकट कॉम्प्युटर पुसायला लावला, अपघातानंतर तिसऱ्या दिवशी.”

“आणि त्याची नोंद पाहिलीस का, असं विचारलं तर?”

“नाही पाहिली.”

“मग संपलंच की! एक वाक्य जास्त बोल. ‘त्याचं नाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’ तो कामावर होता हे खरंच आहे ना? मग?”

तीन संध्याकाळी मी त्याची तालीम घेतली. कुठे थांबायचं, नजर कुठे ठेवायची, ‘डोळ्यांनी’वर किती वजन द्यायचं. त्याची बायको कपबशा उचलताना म्हणाली, “ताई, ह्याला खोटं बोलता आलं असतं तर मी केव्हाच बंगल्यात असते.” आम्ही हसलो. तोही हसला.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, खिडकी नव्हती. डिमरने खरं तेवढं आधी सांगितलं. अधिकारी भराभर लिहून घेत होता, मॅनेजरच्या कपाळावर घाम दिसत होता. मग डिमर थांबला, नजर उचलली आणि माझं वाक्य म्हणाला. काय म्हणाला! मागच्या बाकावर माझे हात टाळीसाठी जवळ आले.

कारखान्याचा वकील उठला. “नाव पाहिलंत?”

“हो.”

“पूर्ण नाव?”

“पूर्ण नाव.”

वकिलाने एक छापील कागद साहेबांसमोर ठेवला. “साहेब, त्या हजेरीच्या नोंदीत नावं नसतातच. फक्त कामगाराचा नंबर असतो.”

डिमरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य मी दिलंच नव्हतं.

“मग आधीचं तरी खरं कशावरून मानू?” असं म्हणून अधिकाऱ्याने पानावर वरपासून खालपर्यंत काट मारली.

बाहेर व्हरांड्यात ती बाई भिंतीला टेकून उभी होती. रागावली नाही, रडलीही नाही.

“एकशे चौदा नंबर होता त्यांचा,” ती म्हणाली. “मला विचारलं असतंत, तर सांगितला असता.”

डिमरने हात जोडले. ती जिना उतरून गेली. तो दावा तिथेच संपला. डिमरने त्यानंतर मला एका शब्दाने दोष दिला नाही. गेल्या वर्षी गेला, तोवर रोज सकाळी माझा चहा पाठवत राहिला. मीच जिन्याखाली जायचं सोडलं.