पाहुण्यांच्या संडासाचं कुलूप

परदेशातल्या थंड मुलखातले चार विद्यार्थी शिकवण्याचा सराव करायला शाळेत येणार, म्हटल्यावर हेडसरांच्या अंगात आलं. तिसरीच्या वर्गातला पंखा उतरवून पाहुण्यांच्या खोलीत लागला. भिंतींना कमरेच्या वरच रंग फासला. खालचं फोटोत कुठे येतंय! आणि मुलींच्या संडासात पाहुण्यांसाठी आरसा, वासाचा साबण, बाहेरून कुलूप. किल्ली हेडसरांच्या खिशात.

तिसरीच्या बाई तडक ऑफिसात शिरल्या. "सर, पोरींनी जायचं कुठे?"

"भिंतीमागे जागा काय कमी आहे? महिन्याभराचा तर प्रश्न. परक्या लोकांत नाक कापून घ्यायचंय का तुम्हाला?"

भिंतीमागे उघडं गटार, हिरवा बुळबुळीत चिखल, आणि समोर गॅरेजच्या बाकावर टवाळक्या करणारी टोळी. पोरींनी आपला तोडगा काढला: पाणीच प्यायचं नाही.

पाहुण्यांपैकी तिसरीवर आली ती उन्हाने टोमॅटो झालेली, हसरी पोरगी. पहिलाच धडा, उन्हात भरपूर पाणी प्या. तिने प्रत्येकीला ग्लास भरून दिला आणि संपवला की टाळ्या वाजवल्या. पोरी बिचाऱ्या आज्ञाधारक. पाहुणीसमोर काय बोलायचं, म्हणून बाईंनी रिकामे ग्लास गोळा केले.

मग फोटो. हेडसरांनी बजावलं, कोणी जागचं हलायचं नाही. ऊन चढलं, फोटो संपेनात. शेवटी शिवणकामवालीची पोर बाकावरच ओली झाली. मुलगे खिदळले.

हेडसर कुजबुजले, "तिला मागे घ्या. फोटोत ओलं दिसेल."

बाईंना ओकारी आली. त्या वासाची नव्हे, या माणसाची. पोरीला आपला पदर गुंडाळून त्यांनी घरी सोडलं, परत आल्या, दगड उचलला आणि कुलूप फोडलं. "काय झालं?" म्हणून पाहुणी धावत आली. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुनावलं, "हा संडास या मुलींचा. तुमच्यासाठी बंद केलेला." तिचा चेहरा पांढराफटक पडला. पडू दे.

दुसऱ्या दिवशी पोर आली नाही. बाई घरी गेल्या. आई मशीनवर बसलेली, मान वर न करता म्हणाली, "ती नाही यायची. पोरं काय काय चिडवतात, ऐकलंत?"

"अगं, मी कुलूप तोडलंय."

"आज तोडलंत. उद्या दुसरं लावेल तो."

 सकाळीच बाईंनी हेडसरांच्या टेबलावर नवंकोरं कुलूप पाहिलं होतं.

"खोटं बोलणार नाही. लावेलच तो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्याकडे आले."

मशीन थांबलं. शिवणकामवालीने खणातून पेचकस काढला, दाराआड लपलेल्या पोरीचं बखोट धरलं आणि भरदुपारी शाळा गाठली. संडासाच्या दाराचा बाहेरचा कडीकोयंडा तिने मुळासकट उपटला. आतली कडी तेवढी ठेवली.

"अहो बाई, शाळेची मालमत्ता आहे ती!" हेडसर ओरडत आले.

"मग शाळेतच ठेवा," म्हणत तिने कोयंडा त्यांच्या हातात कोंबला. आत डोकावली, तो गुलाबी साबण नाकाशी धरला आणि बाहेर येऊन थुंकली. "याच्यापायी माझ्या पोरीला गटारावर धाडत होतास?"

मग पोरीला म्हणाली, "जा आत. सावकाश ये. मी आहे दाराशी."

पोर आत गेली. तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहिली. मग तिसरी.