माझं जेवण मीच मागवणार

मंडळी, आज मस्कतमध्ये लेकाबरोबर राजवाड्यासमोरच्या जुन्या चौकात मनसोक्त फिरले. मग भुकेने जवळच्या स्पॅनिश हॉटेलात शिरलो.

मी मेन्यू उघडला, तोच लेकाने तो काढून घेतला आणि वेटरला सांगितलं, "मम्मी को सिर्फ सूप. शेलवाला उनको नहीं चलेगा."

नहीं चलेगा? मी वसईची! याच्या चिमुकल्या तोंडात शिंपल्यातल्या तिसऱ्या काढून मीच भरवल्या. नुसती निवृत्त झाले आहे, आजारी नाही!

मी म्हटलं, "भैया, पाएया लाओ, पूरा शेल के साथ. सूप साहब को दो."

पाएयातला केशरी भात, कोळंबी, शिंपले, सगळं चाटूनपुसून खाल्लं. साहेब सूप प्यायले.

तुमचीही मुलं तुमची भूक परस्पर ठरवतात का? आणि तुम्ही ऐकून घेता?