उदयसिंहरावांची सलामी

आमचे दाजी धैर्यशीलराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात. आजोबा संस्थानच्या बँडमध्ये होते, हे ते कुणी न विचारता सांगतात. मी बाजव्याला रिफायनरीत नोकरी करणारा माणूस, सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बडोद्यात आमच्या लोकांत लग्न असलं की दाजी हवेतच, एवढं मला ठाऊक आहे.

त्यांची एकुलती एक लेक मृदुला. मुंबईला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आली आणि पाच पितळी वाद्यांसाठी तिने नवी रचना लिहिली. दोन ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि तो भलामोठा ट्यूबा. ढोल नाही, गाणारा नाही. छोट्या सभागृहात लोकांनी मुकाट बसून ऐकायचं. मुंबईहून एक महोत्सववाले साहेब खास ऐकायला येणार होते. त्यांना आवडलं तर तिची रचना गावोगाव वाजणार होती. पोरीचं सगळं त्या एका संध्याकाळवर होतं.

आणि नेमका दुसरा ट्रंपेटवाला डेंग्यूने आडवा झाला. बडोद्यात दुसरा मिळेना. शेवटी मृदुलाने बाबांना विचारलं, तेही आईकरवी. दाजींना आभाळ ठेंगणं झालं. बँडचा काळा कोट त्यांनी काढला, तर मृदुला म्हणाली, "बाबा, यावरची जर तेवढी उसवून टाका हं." माझी बहीण दुपारभर ती सोनेरी जर उसवत बसली. मला ते आवडलं नव्हतं, पण मामाला कोण विचारतो?

दाजींच्या वासणा भागातल्या फ्लॅटमध्ये तालमी झाल्या. रचनेच्या मध्यावर एक लांबलचक शांतता होती. पाचही जणांनी वाद्य ओठांशी धरून नुसतं थांबायचं. मृदुलाच्या मते सगळं संगीत तिथेच होतं. दाजी कासावीस व्हायचे.

"एवढा वेळ चूप? अरे, वरातीत असा चूप बसलो तर लोक म्हणतील, बँडवाले जमायला गेले, पानावर बसले!"

"बाबा, ही वरात नाही."

"बराबर, बराबर. शिकतो मी."

आणि ते शिकलेही. कार्यक्रमात सुरुवात अशी छान झाली की मलासुद्धा काहीतरी कळल्यासारखं वाटलं. मग ती शांतता आली. सभागृहात पंख्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आमच्या समाजाचे वडीलधारे उदयसिंहराव, पगडी घालून, काठी टेकत आत आले. उशीर करणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

आता आमच्याकडची रीत अशी, की उदयसिंहराव मांडवाच्या दारात दिसले की बँडने हातातलं गाणं टाकायचं आणि सलामी द्यायची. दाजींनी ती उभ्या जन्मात चुकवली नव्हती. त्यांनी पगडी पाहिली आणि बोटांनी मेंदूला विचारलंच नाही. खणखणीत सलामी निघाली, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. उदयसिंहरावांनी छाती काढून तिथल्या तिथे सलामी स्वीकारली. सभागृह फिदीफिदी हसलं. पोरंपोरी मोबाइल काढून उभी राहिली. बाकीच्या चौघांनी रचना कशीबशी शेवटाला नेली. दाजी वाद्य मांडीवर ठेवून मान खाली घालून बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला पाचव्या रांगेतून दिसत होते. लाजेने माझंच पाणीपाणी झालं.

बाहेर व्हरांड्यात महोत्सववाले साहेब मृदुलाला गाठून म्हणाले, "रचना उत्तम आहे. पण तो ट्रंपेटवाला कोण?"

मी जवळच होतो. दाजी तिच्या मागे, हातात ट्रंपेटची पेटी घेऊन. ते आहेत हे तिला माहीत नव्हतं.

"लग्नाच्या बँडमधले आहेत एक," मृदुला म्हणाली. "आमचा माणूस आजारी पडला म्हणून ऐनवेळी घेतले."

मला वाटलं, पुढे काहीतरी बोलेल. तिने रचनेचाच विषय पुढे काढला. माझं डोकं सणकलं, मी पुढे होणार, तेवढ्यात दाजीच पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "भूल झाली, साहेब. मॅडमनी बराबर शिकवलेलं. त्यांचा काही वांक नाही, चूक माझीच."

मृदुला पांढरीफटक पडली. साहेब हसले, त्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली आणि मृदुलाला सांगितलं, "चांगला वादक बघा. रचना आम्ही घेतो."

घरी बहिणीने श्रीखंड केलं होतं. दाजी आल्या आल्या ओरडले, "घेतलं गं त्यांनी पोरीचं!" स्वतःच्या सलामीचा किस्सा त्यांनी स्वतःच रंगवून सांगितला, बहिणीला हसू आवरेना. व्हरांड्यातलं मात्र एक अक्षर बोलले नाहीत. मृदुलाचं ताट तसंच होतं. बहीण पुऱ्या आणायला आत गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, मला मॅडम का म्हणालात?"

दाजींनी तिच्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मग काय म्हणू, बेटा? लेक म्हटलं असतं तर चारचौघांत तू खोटी पडली असतीस."