वरच्या मजल्यावरचा दुसरा बूट

हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या ज्या इमारतीत मी तळमजल्यावर नऊ वर्षे राहिलो, तिच्या मालकांनी मजल्यांमध्ये स्लॅब घातला की पत्रा, याविषयी मला आजही शंका आहे. माझ्या डोक्यावर लातूरकडचा एक तरुण राहत असे. हिंजवडीतली रात्रपाळी संपवून तो सकाळी सातला परतायचा आणि पलंगावर बसून बूट काढायचा. धाड्. मग दुसरा, धाड्. मी न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. सकाळचा तो तास माझा पत्रलेखनाचा.

मी मालकांना नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवली. ते समोरच्याच घरात राहतात. पण हातात दिलेल्या कागदाची पोच मिळत नाही. भाडेकरूच्या शांततेविषयीचे कलम मी शब्दशः उतरवले आणि पुरावा म्हणून कराराची संपूर्ण प्रत जोडली.

परिणाम झाला, तो असा की पहिला बूट पडे आणि दुसरा पडेचना. मी लेखणी उचलून छताकडे पाहत बसे. पाच मिनिटे, दहा मिनिटे. चौथ्या दिवशी मी जिना चढलो.

"दुसऱ्या बुटाचे काय करता?"

"हळूच ठेवतो, काका. तुम्हीच तक्रार केलीत ना?"

"मग पहिला का आपटता?"

"दमलेला असतो हो. तो पडला की तुमची आठवण येते." आणि हा गृहस्थ हसला! "इंग्रजीत यावर म्हणायची पद्धतच आहे, काका. दुसरा बूट पडायची वाट पाहणं."

मग त्याने न विचारता त्या वाक्प्रचाराचा उगम सांगितला. अमेरिकेतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये म्हणे असेच घडे. वरचा एक बूट टाकतो, खालच्याची आठवण होऊन दुसरा अलगद ठेवतो, खालचा बराच वेळ तळमळतो आणि शेवटी ओरडतो, "टाक बाबा तो दुसरा, म्हणजे मी झोपतो!" पहिला तडाखा बसलेला, दुसरा बसणार हे नक्की, पण केव्हा ते माहीत नाही, अशा अवस्थेला तिकडे हे शब्द वापरतात.

"खालच्याने लेखी मागणी करायला हवी होती," एवढे बोलून मी उतरलो. कोणाच्या करमणुकीचा दाखला होण्यासाठी मी भाडे भरत नव्हतो.

त्याच आठवड्यात मालक माझ्याच पत्राची जोडपत्रे घेऊन दारात उभे राहिले.

"काका, ह्या कागदाची मुदत तर अकरा म्हयन्यांचीच व्हती. सपून आठ वर्सं झाली की! आमच्या ध्यानातच न्हवतं बगा."

या भागात पहिला करार पोलिसांना दाखवण्यापुरता होतो. पुढची वर्षे तोंडी चालतात. हे मला ठाऊक होते. तरीही न्यायालयात दुसऱ्यांच्या कागदांवरच्या मुदती तपासण्यात हयात घालवलेल्या मी स्वतःच्या कराराचे शेवटचे पान न वाचता जोडले होते.

"मग?" मी विचारले.

"काय न्हाई. भावाला ही बिल्डिंग पाडून हितं टावर बांधायचाय. बगू. सांगतो."

आणि ते गेले. त्यानंतर चार महिने त्यांनी काहीही सांगितले नाही. मी पाच पत्रे धाडली: एक तर नवा करार करा, नाही तर खोली सोडण्याची तारीख लेखी कळवा. उत्तर एकाचेही नाही. दिसले की मात्र हाक मारायचे.

"च्या घ्या, काका."

"आधी नोटीस द्या."

"दिऊ की. लई घाई तुमाला!"

गिझर बिघडला होता. जी खोली उद्या माझी असेल की नाही ठाऊक नाही, तिचा गिझर मी का दुरुस्त करावा? पूर्ण हिवाळा गार पाण्याने अंघोळ केली. पुस्तके खोक्यांत भरली, वाचायला काढली, पुन्हा भरली.

एका सकाळी वर पहिला बूट पडला. मी छताकडे पाहिलेच नाही. कोरा कागद घेतला, तीस दिवसांनी खोली सोडत असल्याची नोटीस स्वतःच लिहिली आणि या वेळी समोरच्या घरी जाऊन हातात दिली.

मालकांनी ती दोनदा वाचली. "आवो काका, कुनी काडलंय तुमाला? ऱ्हावा की! ह्या वयात कुटं जानार?"

कुठे जाणार, हे मलाही ठाऊक नव्हते. पण ते सांगण्याइतकी जवळीक त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती.

"पोच म्हणून इथे सही करा," मी म्हणालो, "आणि खाली तारीख घाला."