नदीकडून पुसत आलेली नावं

भोरच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावच्या शेतांची नावं मी इंटरनेटवर चढवली होती आणि ती एकेक करून नाहीशी होत होती. पुसणारं कोण, ते कळत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला घरी कुणी नव्हतं. वर्गातल्या मुलांनी दुकानाची बिलं, ग्रंथालय असले विषय घेतले. मी आमचं गाव घेतलं. गुंजवणीच्या खोऱ्यातलं ते गाव धरणात जाणार होतं. बरीच घरं उठून कामथडीच्या बाजूला आली होती, त्यात आमचंही होतं. वडील म्हणाले, "जमीनच जायाची, मंग नाव ठिऊन काय करायचं?" पण माझ्या मनातून विषय गेला नाही.

शेतांची सगळी नावं माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं, वडिलांचे चुलते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ते बाजाराच्या दिवशी नसरापूरला यायचे. तिथं एका चाचांचं सायबर कॅफे होतं, पुढं झेरॉक्स आणि मागं तीन कंप्युटर. आबा माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात नदीपासून वर चालायला लागायचे. ते सांगतील तसं मी थेट इंटरनेटवरच्या पानात टाईप करायचे.

"उंबराची मळी. लिव्हलं?"

"लिहिलं, आबा."

"आता बांध चढ. वर काय लागतंय?"

"मला काय माहीत?"

"मंग चढ की! खुर्चीत बसून शेत दिसतंय व्हय?"

चाचा पुढून हसायचे. "आबा, चालून दमला असाल. च्या सांगू?"

"सांग. हिला बी सांग. बसल्या जागी चिखलात रुतलीया पोरगी."

न पिकणारे पोटखराब तुकडे, टेकाडं, खाचरं, सगळ्यांना नावं होती. यादी डोंगराच्या कडेला जाऊन संपली तेव्हा आबांनी एक अट घातली. आमच्याकडे बांधाची गोष्ट शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पक्की करत नाहीत. तेव्हा जे लिहिलंय ते चुकलं असेल तर गावातल्या कुणालाही पुसता आलं पाहिजे. मला ते पटलं. फुकट कोड देणाऱ्या एका साइटवरून मी पुसण्याचा तुकडा उतरवून घेतला आणि प्रत्येक नावापुढे 'पुसा' अशी लिंक लावली. लिंकच्या आत एवढंच होतं:

delete.php?id=1

पासवर्ड ठेवला नाही. गावातल्या माणसाला पासवर्ड कसला विचारायचा? नाव पुसलं की पानावर यायचं, 'नोंद पुसली. आभारी आहोत.' हे वाक्य माझं स्वतःचं. सभ्य वाटलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बघायला गेले की माझ्याकडे टक लावून बघायचे आणि डावा हात हलवायचे.

त्याच पावसात धरणात पाणी चढायला लागलं. एके दिवशी वडील गावाकडून भिजून आले आणि पाय न धुताच बसले. म्हणाले, "मळी गेली. उंबराचा शेंडा तेवढा दिसतोय. पाणी कोंडीच्या खाचराला लागलंय."

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत पान उघडलं. यादी 'कोंडीचं खाचर'पासून सुरू होत होती.

उंबराची मळी नव्हती. तिच्या आणि खाचराच्या मधली नावंही नव्हती. ती कोणती, हे मला आठवेना. टाईप करताना माझं लक्ष अक्षरांवर होतं, नावांवर नव्हतं. काहीतरी बिघडलं असेल म्हणून मी पान बंद केलं. पुढच्या खेपेला कोंडीचं खाचरही गेलेलं. मधलं काहीही जात नव्हतं. नदीच्या अंगानं वर, ओळीनं.

मला पहिला संशय आला तो बांधावरून आमच्याशी भांडण असलेल्या शेजाऱ्यांचा. चाचांना तसं म्हटलं.

"अगं, त्यांच्या नव्या घरात अजून लाईट आली न्हाई. कंप्युटर काय चिमणीवर चालवत्यात?"

"मग कोण, चाचा?"

चाचा हसता हसता थांबले. "मला बी तेच कळंना. हितं तर कोन हात लावत न्हाई. पाणीच चढतंय म्हनायचं का?"

ते गमतीत म्हणाले असतील. इंटरनेटवर टाकलं की कायमचं राहतं अशी माझी समजूत होती, म्हणून कागदावर किंवा फ्लॉपीवर काहीच घेतलेलं नव्हतं. आबांना पुन्हा विचारायची सोय उरली नव्हती.

शेवटी चाचांनीच माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि शोधायच्या पानावर आमच्या गावाचं नाव टाकलं. "बघू तरी, आनखी कोन बघतंय तुझं गाव."

पहिलं आमचं पान आलं. त्याच्याखाली एकाखाली एक ओळी आल्या. नोंद पुसली. आभारी आहोत. नोंद पुसली. आभारी आहोत. स्क्रीन खाली सरकवत गेले तरी तेच. माझंच वाक्य मला परत वाचून दाखवल्यासारखं.

तेव्हा उलगडलं. शोधयंत्राचा रोबो पानापानावर फिरतो आणि दिसेल ती लिंक उघडून बघतो. त्याला 'पुसा' वाचता येत नाही. तो रोज येत होता, वरून एकेक लिंक उघडत होता आणि प्रत्येक वेळी माझा कोड त्याचे आभार मानून एक शेत पुसत होता.

त्या पहिल्या निकालापुढे बारीक अक्षरात रोबोनं साठवलेल्या प्रतीची लिंक होती. चाचा म्हणाले, "दाब. तो परत यायच्या आत दाब."

प्रत उघडली. आधीच्या कुठल्यातरी फेरीतली होती ती. कोंडीचं खाचर होतं, सतीचा बांध होता, वरची सगळी दळी, म्हणजे डोंगरउतारावरचे तुकडे, होती. चाचांनी लगेच प्रिंट काढली. पण खाचराच्या खालचं, नदीकाठचं काहीच नव्हतं. ती प्रत घेण्याआधीच ते गेलेलं होतं.

त्याच दिवशी मी कोड बदलला. जे कुणी नवीन शिकतंय त्याला मी आजही हेच सांगते: काही बदलणारं किंवा पुसणारं काम साध्या लिंकवर ठेवू नका. ते फॉर्मच्या बटणावर ठेवा, त्याच्यामागे लॉगिन ठेवा आणि फाईलच्या सुरुवातीलाच अडवा:

if ($_SERVER['REQUEST_METHOD'] !== 'POST') exit;

आणि शक्यतो पुसूच नका. नुसती खूण करा, ओळ जागेवर राहू द्या:

UPDATE shet SET pusla = 1 WHERE id = 7

प्रिंट घेऊन मी आबांकडे गेले. कोंडीच्या खाचरापासून मोठ्यानं वाचायला लागले. आबांनी डावा हात कागदावर आपटला. मी थांबले. त्यांनी पहिल्या ओळीच्या वर बोट ठेवलं, कोऱ्या जागेवर, आणि तिथंच दाबून धरलं.

"उंबराची मळी," मी म्हटलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. पण तिच्या पुढं कोणतं?

मी सुचतील ती नावं घेतली. चिंचेचं? मोरीचं? आबा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. प्रत्येक नावाला मान आडवी. बराच वेळ गेला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत आणि बोटही उचललं नाही.

ते पान अजून आहे. उंबराच्या मळीनंतर मी काही ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. किती सोडायच्या ते मला माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे 'पुसा' लावलेलं नाही.