टिंबांच्या जागी

शिमोन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीरशेबाच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. खरं सांगते, आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हायसं वाटलं ते त्याचे हाल संपले म्हणून, आणि... दुसरं कारण असं की, चारच दिवसांपूर्वी मी त्याला एक गोष्ट सांगून टाकली होती. ती पोटात ठेवून त्याच्या मातीला जायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे. आता महिना उलटला, म्हणून लिहायला बसले आहे.

शिमोन माझा आतेभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. आमची दोन्ही कुटुंबं ठाण्याहून एकाच विमानाने या देशात आली आणि वाळवंटातल्या येरुहाम गावी एकाच जिन्याला लागून राहिली. शाळेत बाईंनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. ज्याच्या घरी हिब्रू बोलतात त्याच्या नावापुढे कागदाची चांदणी. आमच्याकडे तर आईबाबांची भांडणंही मराठीतच चालायची. पण मला चांदणी हवी होती, म्हणून ठोकून दिलं की आमच्या घरी फक्त हिब्रू. बाईंना खरं वाटावं म्हणून वर हेही जोडलं की शिमोनकडे मात्र मराठीशिवाय शब्द नाही. मला चांदणी मिळाली आणि संध्याकाळी बाई शिमोनच्या आईच्या, रिबका आत्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून माझी बडबडी आत्या पोरासमोर गप्प झाली. तिला हिब्रू यायचं ते भाजी आणण्यापुरतं. ऊठ, खा, झोप, एवढ्यावर मायलेकांचं भागू लागलं. शिमोनचं मराठी हळूहळू गेलंच.

मोठा होऊन तो सिनेमे लिहू लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडे एक कादंबरी आली. तेव्हा देशभरातली शाळकरी पोरं ती दप्तरात घेऊन फिरत होती. उद्याच्या एका शहराची गोष्ट. तिथे एकच भाषा बोलायची मुभा, आणि दुसरी बोलणाऱ्यांची नावं मुलांनी शाळेत कळवायची. एक मुलगी आपल्या आजीचं नाव कळवते, मग पस्तावते, आणि शेवटी त्या मुलीलाच शहराच्या भिंतीबाहेर हाकलतात. पुस्तकात आजीच्या बोलण्याच्या जागी नुसती टिंबं छापली होती. शिमोन वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पुस्तकात टिंबं खपतात, पण पडद्यावर आजीला तोंड उघडावं लागतं, ही त्याची अडचण. आजी मराठी बोलेल, असं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, आत्याला विचार की. तर त्याने चहा संपवला आणि पटकथा माझ्यापुढे सरकवली.

मी पटकथा चाळली. तिसऱ्याच पानावर ती मुलगी बाईंच्या टेबलापाशी उभी होती... याला सगळं ठाऊक आहे आणि ही पोर म्हणजे मीच, अशी माझी खात्री झाली. विचारायचा धीर मात्र झाला नाही. शिमोन आपल्या नादात होता. नाव कळवून मुलगी घरी येते, आजी दार उघडते, तेव्हा आजी काय म्हणेल, असं त्याने विचारलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आलीस? हात धू, जेवायला बस." चुगलीच्या दुसऱ्याच दिवशी आत्या मला हेच म्हणाली होती.

त्याने ते हिब्रू अक्षरांत लिहून घेतलं आणि सिनेमा तिथेच संपवला. भिंतीबाहेर हाकलणं रद्द. निर्माता खवळला, पोरांना मूळ शेवट तोंडपाठ आहे म्हणाला. कादंबरीच्या लेखिकेने बरेच दिवस अबोला धरला. शिमोन काही हटला नाही. सिनेमा बीरशेबात लागला तेव्हा मी आत्या आणि शिमोनच्या मधे बसले होते. पडद्यावर आजीने दार उघडलं तेव्हा मी मान खाली घातली. आत्याचा चेहरा बघायची माझी छाती नव्हती; सिनेमा सुटताच त्या दोघांना येरुहामच्या बसमध्ये बसवून मी बीरशेबातल्या माझ्या घरी परतले.

पुढे आत्या गेली. मग शिमोनचं दुखणं निघालं. त्या शेवटच्या भेटीत, इस्पितळात त्याची उशी सारखी करता करता मी एकदाची म्हणाले, "शिमोन, बाईंना तुझं नाव मी सांगितलं होतं."

"ते मला शाळेत असतानाच कळलं होतं," तो म्हणाला.

"म्हणून ती मुलगी लिहिलीस?"

तो हसला. पुढचं बरंचसं हिब्रूत सांगितलं, थांबत थांबत. ती मुलगी मी नव्हतेच. बाई आल्या, दोन शब्द बोलल्या आणि गेल्या. आत्या त्यांचं ऐकणार नव्हती. दार लावून तिने त्याला मराठीतच हाक मारली. तेव्हा आठ वर्षांचा शिमोन तिला म्हणाला होता, या भाषेत माझ्याशी पुन्हा बोलू नकोस.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं मला झालं, आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण तोच धोंडा हा पोरगा जन्मभर घेऊन बसला होता. मी विचारलं, आत्याला हे कधी बोललास का. म्हणाला, बोललो नाही, सिनेमा दाखवला.

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ती सिनेमातली पोर किती वाळलीय... जेवायला बस म्हणतात नि भात वाढलेला दाखवत नाहीत."

हे त्याने मराठीत सांगितलं, अगदी आत्याच्या हेलात. मी चमकून विचारलं, मराठीत म्हणाली तुला?

"मराठीत. बसमध्ये येरुहामपर्यंत बोलतच होती," शिमोन म्हणाला. "मला अर्धं कळलं नाही, ताई. मी नुसता हो, हो म्हणत राहिलो."