आईच्या हातच्या शंभर बिया

कळंबजवळच्या शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. "पडताळता येईल असा प्रश्न घरून आणा," म्हटलं की मुलं पुस्तकातलेच उचलून आणतात. मीठ कशात लवकर विरघळतं, लोखंड कुठं गंजतं. उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न. मलाही ते तपासायला सोपे जातात, खोटं कशाला बोलू?

मागच्या मार्चमध्ये एका मुलीनं लिहून आणलं, 'माझ्या आईच्या हाताला गुण नाही, हे खरं आहे का?' वर्ग हसला. चार वर्षांपूर्वी तिच्या आईनं पेरणीत चाड्यावर मूठ धरली, म्हणजे तिफणीतून बी सोडलं, आणि सोयाबीन उगवलंच नाही. पाऊस महिनाभर गायब होता, पण खापर हातावर फुटलं. तेव्हापासून चाड्यावर चुलती असते.

"गुण मोजता येत नाही. दुसरा प्रश्न आण," मी झटकून टाकलं.

"उगवलेलं बी तर मोजता येतं ना, मॅडम?"

माझी चांगलीच जिरली. धडा मी शिकवत होते आणि कळला तिला होता.

घरच्या बियाण्याची उगवण आमच्याकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघतात. एकाच पोत्यातलं बी घ्यायचं, शंभर आईनं मांडायचं, शंभर चुलतीनं, असं ठरलं. गृहीतकाच्या रकान्यात मुलीनं लिहिलं, 'दोघींचं सारखंच उगवेल.' चुलती हसत आली. आई वर्गाच्या दारातच थांबली.

"मॅडम, आन् माझं खरंच न्हाई उगवलं तर? आता लोक म्हणत्यात. मंग पोरगी बी म्हणंल."

लेकीनंच तिला हाताला धरून आत आणलं.

पाचव्या दिवशी गुंडाळ्या सोडल्या. चुलतीचे शहाऐंशी कोंब, आईचे त्र्याऐंशी.

"तीन कमीच हायत की," म्हणून आई निघाली. मला स्वतःचाच राग आला. कशाला या भानगडीत पडले, असं झालं.

मुलगी मात्र वहीत आकडे लिहीतच होती. "थांब गं आई. आता दोन्ही गोणपाटांत काकूच बी मांडंल. मंग बघू किती फरक पडतोय."

हे मला सुचायला हवं होतं. चुलतीनं कुरकुर न करता पुन्हा दोनशे बिया मांडल्या. पाच दिवसांनी एका गुंडाळीत अठ्ठ्याऐंशी कोंब निघाले, दुसरीत ब्याऐंशी.

आईला बोलावून घेतलं. दोन्ही ढीग तिनं स्वतः दोनदा मोजले.

"एकाच हाताचं सहानं मागं-पुढं होतंय," ती म्हणाली. मग तिथंच फरशीवर बसली आणि रडायला लागली.

"चार वर्सं झाली मॅडम, दारातल्या तुळशीला पानी घातलं न्हाई म्या. वाळंल म्हणून."